बंदुकीला थंब का नाही?

आमची ताई न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिचा मुलगा पहिल्यांदाच शाळेतल्या मित्राच्या घरी खेळायला जाणार होता. पाठवण्याआधी तिने त्या मित्राच्या आईला फोन लावला आणि विचारलं, घरात कुत्रा आहे का, शेंगदाण्याचं काही खायला देणार आहात का, आणि घरात बंदूक आहे का. असली तर कुलपात आहे ना? मला हे तिने बोलता बोलता सांगितलं, जसं काही रोजचंच. तिकडे ते रोजचंच आहे. मुलांना दुसऱ्याच्या घरी पाठवताना बंदुकीचं विचारा, असं पालकांना सांगणारी ‘आस्क’ नावाची मोहीम २००० सालापासून चालू आहे आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तिला हात दिलेला आहे.

मी भोसरीला बायोमेट्रिक मशीनचं काम करते. कारखान्याच्या गेटवरचं हजेरीचं मशीन, ऑफिसच्या दारांची कुलपं, सर्व्हर रूमचा ॲक्सेस, हे सगळं बसवायचं आणि बिघडलं की दुरुस्त करायचं. त्यामुळे माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “मग बंदुकीलाच थंब का लावत नाहीत?” त्यावर ताई म्हणाली, “अगं, आमच्या राज्यात त्याचा कायदाच होता. आणि त्या कायद्यामुळेच ती बंदूक कुणाला विकता आली नाही म्हणे!”

बस्स. तेव्हापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. जेवताना, बसमध्ये, रात्री मुलं झोपल्यावर, मी फक्त हेच वाचते आहे. दारावर थंब, मोबाइलवर थंब, रेशनच्या दुकानात थंब, बँकेत थंब; आणि ज्या एका वस्तूला तो सगळ्यात आधी लागायला हवा होता, तिला इतक्या वर्षांत सर्रास लागलेला नाही! ही गोष्ट इतकी खोल, इतकी गुंतागुंतीची आणि इतकी माणसांनी भरलेली निघेल याची मला कल्पनाच नव्हती. आपल्याकडे कुणी यावर फारसं बोलत नाही, ते साहजिकच आहे. इथे परवान्याशिवाय पिस्तूल घरात येत नाही, आणि ज्यांच्याकडे ते असतं त्यांना निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. अमेरिकेत २०२१ च्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणावरून काढलेला अंदाज असा, की ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे निदान एक बंदूक गोळ्या भरलेली आणि कुलपाबाहेर आहे. हा आकडा वाचून मी स्क्रीन बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

पहिला धक्का हा, की ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. १८८७ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन या कंपनीने एक रिव्हॉल्व्हर काढलं. त्याच्या मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी होती. ती पट्टी तळहाताने घट्ट दाबून धरायची आणि त्याच वेळी चाप ओढायचा, तरच गोळी सुटणार. लहान मुलाच्या हाताला हे दोन्ही जोर एकदम जमत नाहीत, म्हणून मूल ती उडवूच शकणार नाही, अशी तिची जाहिरात व्हायची. लोकांनी तिला ‘लेमन स्क्वीझर’ म्हणायला सुरुवात केली. ना बॅटरी, ना सेन्सर. हाताची ताकद हीच ओळख! सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी बसून विचार केला होता, की धरणारा कोण आहे हे बंदुकीला कळायला हवं.

मग १९७० च्या दशकात जो डेव्हिस नावाच्या माणसाने ‘मॅग्ना-ट्रिगर’ काढलं. बोटात चुंबक बसवलेली अंगठी घालायची आणि रिव्हॉल्व्हरच्या मुठीत एक अडसर. अंगठी जवळ आली की चुंबकाने अडसर सरकतो आणि चाप मोकळा होतो. अंगठी नसलेल्या माणसाच्या हातात तेच रिव्हॉल्व्हर म्हणजे निव्वळ लोखंड. त्या काळात पोलिसांना एक भीती सतत असायची, झटापटीत आपलंच पिस्तूल हिसकावून आपल्यावरच चालवलं जाईल ही. ती भीती खरी होती, तशी माणसं मेली होती. म्हणूनच १९९० च्या दशकात अमेरिकी सरकारने सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेला या विषयावर कामाला लावलं आणि १९९६ मध्ये त्यांचा मोठा अभ्यास बाहेर आला. म्हणजे या सगळ्याची सरकारी सुरुवात मुलांपासून झाली नाही, पोलिसांच्या कमरेपासून झाली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढचा सगळा पेच इथेच जन्माला येतो. तो मी सांगणारच आहे, पण आधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते.

थंब मशीन चालतं कसं? काचेखालचा सेन्सर बोटाच्या रेषांचे उंचवटे आणि खाच मोजतो. त्या मोजमापाचा एक साचा आधी साठवलेला असतो. नवं बोट आलं की दोन्हींची तुलना होते आणि मशीन काढतं एक गुण, समजा शंभरपैकी इतके. मशीन कधीही “हो, हा तोच माणूस” असं म्हणत नाही, ते म्हणतं, “बऱ्यापैकी तोच वाटतोय.” किती गुणांना दार उघडायचं, ती रेघ आम्ही ठरवतो. रेघ खाली ठेवली तर परका माणूस आत शिरू शकतो. वर ठेवली तर हक्काचा माणूस बाहेर अडकतो. दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत. कुठल्याच मशीनमध्ये नाहीत, कितीही पैसे ओतले तरी नाहीत.

लेथवर काम करणाऱ्या माणसाचा हात कधी पाहिलाय? कूलंटने सुरकुतलेला, बोटांची टोकं घासून गुळगुळीत झालेली. सकाळच्या पाळीला गेटवर रांग लागते आणि कुणीतरी ओरडतं, “मॅडम, थंब घेत नाही!” अनुभवी कामगार बोट केसांतून नाहीतर कपाळावरून फिरवतो, जरा तेल लागतं, पुन्हा ठेवतो, आणि लागते हजेरी. रेशनच्या दुकानात म्हाताऱ्या बायकांचा अंगठा उमटत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं जातं, हेही आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथे तो अन्याय असतो, आणि तो आठवला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. पण निदान दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. मध्यरात्री दार फोडून कुणी आत आलेलं असताना पिस्तुलाने थंब घेतला नाही, तर कपाळावरून बोट फिरवायला वेळ कुठला?

म्हणून पिस्तुलाच्या कुलपाला दोन वचनं एकाच वेळी द्यावी लागतात. परक्याच्या हातात मी कधीही उडणार नाही. मालकाच्या हातात मी कधीही नाकारणार नाही. हात ओला असो, घामाने भिजलेला असो, रक्ताने माखलेला असो, हातमोजा असो, अंधार असो. वर प्रत्येक गोळीमागे त्या इलेक्ट्रॉनिक्सला बसणारा हादरा! आमचं हजेरीचं मशीन भिंतीवर शांत लटकलेलं असतं आणि तरी पावसाळ्यात रुसतं. मी या प्रश्नाकडे पाहते तेव्हा मला अक्षरशः भरून येतं. माझ्या क्षेत्रातला याहून अवघड आणि याहून मोलाचा प्रश्न मी पाहिलेला नाही.

आता ताईने सांगितलेला कायदा. २००२ च्या डिसेंबरमध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर जिम मॅकग्रीवी यांनी मुलांच्या सुरक्षेसाठी हँडगनच्या एका कायद्यावर सही केली. त्यामागे लॉरेटा वाइनबर्ग या लोकप्रतिनिधी होत्या. कायद्याचा गाभा असा : मालकालाच ओळखणारं पिस्तूल देशात कुठेही दुकानात विकायला आलं, की तिथून घड्याळ सुरू होणार आणि सुमारे तीन वर्षांनी न्यू जर्सीतल्या दुकानांत फक्त तसलीच पिस्तुलं विकता येणार. हेतू किती चांगला! बाजाराला आधीच सांगून ठेवायचं, की तुम्ही बनवा, गिऱ्हाईक आम्ही देतो. पण नीट वाचा : “देशात कुठेही”. म्हणजे दूरच्या कॅलिफोर्नियातल्या एखाद्या दुकानदाराने एक स्मार्ट पिस्तूल विकलं, तरी न्यू जर्सीतल्या लाखो लोकांची साधं पिस्तूल घेण्याची मुभा संपणार. साहजिकच बंदूकप्रेमींच्या नजरेत ते पहिलं पिस्तूल विकणारा दुकानदार शत्रू ठरला.

आणि नेमकं तेच झालं. म्युनिकजवळच्या आर्माटिक्स नावाच्या जर्मन कंपनीने आयपी१ हे पिस्तूल काढलं. त्याचे जनक एर्न्स्ट माउख, जे आधी हेकलर अँड कॉख या नावाजलेल्या कंपनीत बंदुका घडवायचे. पॉइंट बावीस बोअरचं पिस्तूल आणि सोबत मनगटावर बांधायचं घड्याळ. घड्याळात पिन टाकायचा, मग घड्याळ रेडिओ लहरींनी पिस्तुलाला खूण देणार आणि पिस्तूल घड्याळापासून साधारण वीतभर अंतरात असेल तरच उडणार. मागच्या बाजूला दिवा, हिरवा म्हणजे तयार, लाल म्हणजे बंद. किंमत पिस्तुलाची १३९९ डॉलर आणि घड्याळाची वेगळी ३९९. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात ते विकायला ठेवल्याची बातमी आली आणि गदारोळ उठल्यावर दुकानाने हातच झटकले. त्याच वर्षी मे महिन्यात मेरीलंडमधल्या रॉकव्हिलच्या एका दुकानदाराने ते विकतो असं जाहीर केलं, तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. हा दुकानदार बंदुकांच्या विरोधातला नव्हता हो! तो स्वतः बंदुका विकणारा, बंदुकीच्या हक्काचा कट्टर पाठीराखा. त्याचं म्हणणं इतकंच होतं, की ज्याला जे हवं ते त्याला घेऊ द्या.

मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचला आहे. जी वस्तू दुकानात यावी म्हणून कायदा केला, तीच वस्तू त्या कायद्याच्या भीतीने कुठल्याच दुकानात टिकू शकली नाही. त्यात आणखी एक पदर आहे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलनी कळवलं, की आयपी१ कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही! कारण घड्याळ जवळ असेल तर पिस्तूल कुणाच्याही हातात उडतं. ते माणसाला ओळखत नाही, घड्याळाला ओळखतं. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात, कार्ड म्हणजे माणूस नव्हे. कार्ड उसनं देता येतं. झटापटीत मालकाचा घड्याळाचा हात पिस्तुलाशेजारीच असणार, म्हणजे नेमक्या त्या क्षणी ते चोरासाठीही उघडंच.

लॉरेटा वाइनबर्ग यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, तो पुढच्या गोष्टीसाठी. आपला कायदाच आडवा येतोय हे दिसल्यावर त्यांनी तो बदलायची तयारी दाखवली, विरोधकांनी वाट सोडली तर आम्ही सक्ती काढू असं म्हटलं. मधल्या काळात गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी नव्या मसुद्यावर नकाराधिकार वापरला. शेवटी २०१९ च्या जुलैमध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांची सही झाली : सक्ती गेली, आणि त्याऐवजी एक आयोग असं पिस्तूल तपासून मंजूर करेल, मग दुकानदारांनी निदान एक नमुना विक्रीला ठेवायचा. घ्यायचं की नाही ते गिऱ्हाईक ठरवेल. मला हेच बरोबर वाटतं. कुलूप चांगलं असेल तर लोक आपणहून लावतात. आणि वाईट असेल तर सक्तीने लावलेलं कुलूप लोक दुसऱ्या दिवशी काढून ठेवतात, हे मी कितीतरी कारखान्यांच्या मागच्या दारांना पाहिलेलं आहे. दार उघडं ठेवायला तिथे वीट लावलेली असते.

या कहाणीत किती जण भाजून निघाले! कोल्ट ही अमेरिकेतली केवढी जुनी कंपनी. तिचे प्रमुख रॉन स्टुअर्ट यांनी १९९७ मध्ये बंदूक व्यवसायाच्या मासिकात लिहिलं की या तंत्रज्ञानाला पाठिंबा द्या. गिऱ्हाइकांनी बहिष्कार टाकला. स्मिथ अँड वेसनने १७ मार्च २००० रोजी क्लिंटन सरकारशी करार केला आणि त्यात मालकालाच ओळखणाऱ्या बंदुका बनवण्याचं कबूल केलं. पुन्हा बहिष्कार, आणि तो इतका तिखट की टॉमकिन्स या ब्रिटिश मालकाने १९८७ मध्ये सुमारे ११ कोटी डॉलरना घेतलेली कंपनी २००१ मध्ये अवघ्या दीड कोटी डॉलर रोखीत विकून टाकली. यानंतर कुठल्या मोठ्या कंपनीची हिंमत होणार?

आणि तांत्रिक बाजूने सुद्धा एक झटका बसायचा होता. २०१७ च्या उन्हाळ्यात लास व्हेगासला हॅकर लोकांची जी मोठी परिषद भरते, तिथे ‘प्लोअर’ असं टोपणनाव घेतलेल्या एका माणसाने आयपी१ उघडून दाखवलं. एक रेडिओ उपकरण मध्ये ठेवून त्याने घड्याळाची खूण लांबवर पोचवली. दुसऱ्या उपकरणाने लहरींमध्ये गोंधळ घालून पिस्तूल मालकालाही उडवता येणार नाही असं केलं. आणि तिसरा मार्ग तर बघा : साधारण पंधरा डॉलरची चुंबकं नळीच्या बाजूला लावली, आतला अडसर सरकला, घड्याळाशिवाय गोळी सुटली. चुंबक! जो डेव्हिसची अंगठी ज्या तत्त्वावर चालायची त्याच तत्त्वाने चाळीसेक वर्षांनी दुसऱ्याचं कुलूप उघडलं. हे वाचताना मी खुर्चीतून उठलेच. कारण चूक लगेच दिसत होती : हुशारी सगळी रेडिओत भरली होती आणि शेवटी दार अडवायला होती एक लोखंडी काडी. आमच्याकडे काही ऑफिसांत महागडं फेस रीडर असतं आणि दाराच्या चौकटीचे स्क्रू बाहेरच्या बाजूला, तसंच.

आता मी ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला बसले तिथे आले. कोलोरॅडोतल्या बोल्डरचा काय क्लोफर नावाचा एक शाळकरी मुलगा. २०१२ च्या जुलैमध्ये त्याच्या घरापासून फार लांब नसलेल्या अरोराच्या चित्रपटगृहात गोळीबार झाला, १२ माणसं गेली. हा तेव्हा पंधरा वर्षांचा. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी त्याने बोटाचा ठसा ओळखणाऱ्या बंदुकीचा नमुना करायला घेतला. मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्याने आकडे काढून बघितले आणि त्याला कळलं, अरोरासारख्या घटना अशा पिस्तुलाने थांबणार नाहीत, कारण तिथे मारेकऱ्याने बंदुका स्वतःच रीतसर विकत घेतल्या होत्या. ज्या थांबू शकतात त्या दुसऱ्याच : कपाटातलं पिस्तूल हाती लागलेलं मूल, आणि आईवडिलांच्या बंदुकीने स्वतःचा जीव घेणारी कोवळ्या वयाची पोरं. त्याने प्रश्न बदलला नाही, प्रश्नाची जागा बरोबर शोधली. एमआयटीत गेला, तिथून बाहेर पडून बायोफायर कंपनी काढली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांचं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल जगापुढे आलं, किंमत १४९९ डॉलर.

याची रचना वाचून मी आनंदाने वेडी व्हायची राहिले आहे. मुठीवर बोटाचा सेन्सर, आणि मागच्या बाजूला धरणाऱ्याचा चेहरा अंधारातही ओळखणारा इन्फ्रारेड कॅमेरा. दोन्हींपैकी एक जमलं की पुरे. हातमोजा असेल तर चेहरा, तोंडाला काही बांधलं असेल तर बोट. ओळख पटली की मूठ हातात आहे तोवर ते खुलं राहतं, मूठ सुटली की क्षणात बंद. म्हणजे हिसकावलं तर हिसकावणाऱ्याच्या हातात बंदच जाणार! पाचपर्यंत माणसांची नोंद करता येते. पिस्तुलाला ना वायफाय, ना ब्लूटूथ. बाहेरून लहरी सोडून बिघडवायला काही ठेवलेलंच नाही, आणि कुणाच्या बोटाचा साचा बाहेर जाण्याचाही प्रश्न नाही. आणि मुख्य म्हणजे लोखंडी काडीचा तो घोटाळा त्यांनी मुळातून काढला आहे : चाप आणि गोळी सोडणारा भाग यांच्यामध्ये यांत्रिक जोडणीच नाही. चाप ओढला ही बातमी विजेने आत जाते, आणि गोळी सोडायचा हुकूम इलेक्ट्रॉनिक्स देतं. दार अडवणारी काडी नाहीच, तर चुंबक सरकवणार काय?

पण माझ्यातली दुरुस्तीवाली लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसते. ‘दोन्हींपैकी एक’ असं ठेवलं की मालक बाहेर अडकण्याची शक्यता कमी होते, आणि परका आत शिरण्याची शक्यता थोडी वाढते. दोन दारं आहेत ना, कुठल्याही एकातून शिरता येतं. मग दोन्ही रेघा वर घ्याव्या लागतात. त्या किती वर घेतल्या आहेत, हे मला जाणून घ्यायचंय! प्रात्यक्षिकाच्या वेळी रॉयटर्सच्या प्रतिनिधीसमोर पिस्तूल दोनदा उडलं नाही. नमुन्यातले सुटे भाग हे कारण कंपनीने दिलं. मला त्यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही, मशीन लोकांसमोरच रुसतं. पण ज्या घरमालकाला आधीच शंका आहे, त्याच्या मनात ते दोन वेळचं न उडणं किती घर करून बसलं असेल!

आणि आता तो पेच, ज्याबद्दल मी वर बोलले होते. आमच्या धंद्यात दाराच्या कुलपाबद्दल पहिला प्रश्न असतो : वीज गेली तर काय? दोन उत्तरं आहेत. फेल-सेफ म्हणजे वीज गेली की दार उघडतं. ऑफिसच्या दारांना हेच बसवायचं, कारण आग लागली तर माणसं आत कोंडून मरायला नकोत. फेल-सिक्युअर म्हणजे वीज गेली तरी दार बंदच. तिजोरीच्या खोलीला हे. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी एकही कुलूप बसवत नाही. तर, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी २०१६ च्या जानेवारीत सरकारी खात्यांना या तंत्रज्ञानात लक्ष घालायला सांगितलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या पिस्तुलासाठी एक तांत्रिक अपेक्षापत्र निघालं. त्यात लिहिलंय, की सुरक्षेचं यंत्र बिघडलं तर पिस्तूल उडेल अशाच अवस्थेत गेलं पाहिजे. पोलिसाच्या बाजूने बघा, अगदी खरं आहे. बंद पडलेल्या कुलपामुळे तो रस्त्यात मरायला नको. आणि बायोफायरचं पिस्तूल नेमकं उलट, खात्री नसेल तर बंद. चार वर्षांचं पोर असलेल्या आईच्या बाजूने बघा, हेही तितकंच खरं!

एकच वस्तू, आणि बरोबर उत्तरं दोन, एकमेकांच्या विरुद्ध. लोक इतकी वर्षं एकमेकांवर ओरडत आले की तुम्हाला मुलांची पर्वा नाही, तुम्हाला आमच्या हक्काची पर्वा नाही. आणि माझ्या मते भांडण बरंचसं या एका ओळीचं आहे, बिघाड झाला तर कुठल्या बाजूला पडायचं. न्यू जर्सीच्या जुन्या कायद्याने पोलिसांना वगळलं होतं, तेव्हा बंदूकवाले विचारायचे, इतकं चांगलं असेल तर पोलिसांना का नको? प्रश्न रास्त होता. उत्तरही रास्त देता आलं असतं : कारण पोलिसाचं दार फेल-सेफ हवं आणि घरातलं फेल-सिक्युअर. पण तसं उत्तर कुणी दिलेलं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

विरोध फक्त बंदूकवाल्यांचाच आहे असंही नाही, आणि हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. राष्ट्रीय रायफल संघटना म्हणते, तंत्रज्ञानाला नाही, सक्तीला विरोध. पण ‘व्हायोलन्स पॉलिसी सेंटर’ ही बंदुकांवर नियंत्रण मागणारी संस्था, तिचाही या पिस्तुलाला विरोध आहे! त्यांचं म्हणणं, ही सुरक्षित आहे असं वाटून जे घर आजवर बंदूक घेत नव्हतं तेही घेईल, आणि ज्याच्या नावावर ती आहे त्याला स्वतःवर चालवण्यापासून कुठलं कुलूप अडवणार? २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त. हा मुद्दा मला गप्प करून गेला. मी त्यावर खूप विचार केला आणि तरी माझं मत कुलपाच्या बाजूने आहे, कारण त्या आत्महत्यांत बापाच्या कपाटातून बंदूक काढणारी पोरंही आहेत, आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हुकच्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारणाऱ्याने आणलेल्या बंदुकाही त्याच्या आईच्या होत्या. पण पिस्तूल विकणाऱ्याने ‘आता घर सुरक्षित’ असं गिऱ्हाइकाला सांगू नये, एवढं मला पक्कं वाटतं. कुलूप फक्त परक्यासाठी असतं.

ताईला मी रोज फोन करून नवीन काहीतरी सांगते. ती म्हणते, तू इकडे ये आणि पिस्तुलं तपासणाऱ्या त्या आयोगावर बस! आयोगावर नाही, पण त्यांच्या तपासणीचे कागद मला हवेत. आमच्याकडे साधं हजेरीचं मशीन विकत घेणारा कारखानासुद्धा विचारतो, किती वेळा परक्याला आत घेतं आणि किती वेळा आपल्याला नाकारतं, लिहून द्या. पिस्तुलाबद्दल तेच छापून यायला हवं, कंपनीच्या तोंडून नाही, तिऱ्हाइताने तपासून : ओल्या बोटाला किती, भाजलेल्या बोटाला किती, सत्तरीच्या माणसाच्या घासलेल्या ठशाला किती, चष्मा काढलेल्या चेहऱ्याला किती, आणि मालकाशी चेहरा जुळणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किती वेळा चुकून हो म्हणालं. या शेवटच्या रकान्यातला आकडा मला सगळ्यात आधी बघायचा आहे. आईवर किंवा बापावर गेलेली पोरं त्याच घरात राहतात.